साधन इथले, नियम तिथले

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, राजकारण आणि अर्थकारण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. व्यायामाच्या इतिहासाला तेथे सहसा आसन मिळत नाही. व्यायाम हा करण्याचा विषय, बोलण्याचा नव्हे, असे आपण धरून चालतो. परंतु जी गोष्ट माणसे पिढ्यान् पिढ्या हातांनी करीत आली, तिलाही इतिहास असतो. ती गोष्ट कोणी केली, कोणाला करू दिली नाही, ती कोठून कोठे गेली आणि परत येताना कोणत्या वेषात आली, हे पाहू लागलो म्हणजे समाजाच्या मनाचा पुष्कळ भाग उलगडतो. अशाच एका प्रवासाची हकीकत आज सांगावयाची आहे.

विषय आहे लयबद्ध जिम्नॅस्टिक्स आणि त्याची जागतिक स्पर्धा. हे नाव ऐकून एखादा अचलपूरकर श्रोता मनात म्हणेल की, सापन-बिच्छनच्या काठच्या आम्हा माणसांचा या परक्या खेळाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. एक साधनाचा आणि दुसरा माणसांचा. साधनाचा संबंध आपल्या आखाड्याशी पोहोचतो आणि माणसांचा अमरावतीशी, म्हणजे येथून पन्नासेक किलोमीटरवरच्या गावाशी.

प्रथम हा खेळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. तेरा मीटर लांब आणि तेवढेच रुंद असे चौकोनी जाजम असते. त्यावर एक मुलगी येते. संगीत सुरू होते आणि सव्वा ते दीड मिनिटाच्या अवधीत ती उड्या, गिरक्या, तोल आणि वाकणे यांची एक अखंड साखळी गुंफते. हे सारे रिकाम्या हातांनी नव्हे. हातात कधी कडे असते, कधी चेंडू, कधी काठीला लावलेली सहा मीटर लांबीची फीत, तर कधी लहान गदेसारख्या दिसणाऱ्या दोन दांड्या. दोरी हेही या खेळाचे एक जुने साधन. वस्तू हवेत भिरकावयाची, ती वर असताना आपण गिरकी घ्यायची आणि ती जमिनीला लागण्यापूर्वी नेमकी झेलायची, हा या खेळाचा प्राण. सांघिक प्रकारात पाच मुली हेच काम एका तालात आणि परस्परांकडे वस्तू फेकीत करतात. मोठ्या जागतिक स्पर्धांत आजही हा खेळ स्त्रियांचाच आहे.

आता त्या दोन दांड्यांकडे वळू. इंग्रजीत त्यांना क्लब म्हणतात. प्रत्येकीची लांबी चाळीस ते पन्नास सेंटिमीटर आणि वजन निदान दीडशे ग्रॅम असावे, असा नियम आहे. मान बारीक, पोट फुगीर आणि धरावयास वर एक गोळी. हा आकार कोठे पाहिला आहे असे वाटते ना? पाहिला आहे. तो आपल्या मुद्गलाचा आकार आहे. आखाड्यात त्याला कोणी मुद्गल म्हणतो, कोणी मुदगर म्हणतो, आणि दोन हातांत दोन घेऊन फिरवायचे म्हणून कोणी नुसतीच 'जोडी' म्हणतो. दीडशे ग्रॅमची ही दांडी त्या वजनदार जोडीची पणती होय.

हे कल्पनेने जुळवलेले नाते नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी देशी शिपायांना जोडी फिरवताना पाहिले. छावणीच्या गावांत परदेशी कवायत आणि देशी तालीम शेजारी शेजारी नांदत असत. आपले परतवाडा हेसुद्धा हैदराबाद कंटिंजंटच्या काळात छावणीचेच ठाणे होते. त्या अधिकाऱ्यांना हा व्यायाम आवडला. खांदा, मनगट आणि छाती एकाच वेळी काम करतात, जागा थोडी लागते आणि खर्च जवळजवळ नसतो. पाहता पाहता मुद्गल बोटीत चढले आणि इंग्लंडात उतरले. १८३० नंतरच्या दशकात लंडनमध्ये डोनाल्ड वॉकर याने पुरुषांच्या व्यायामावर आणि स्त्रियांच्या व्यायामावर पुस्तके लिहिली. स्त्रियांसाठी त्याने हलक्या दांड्यांचे प्रकार दिले आणि त्यांना 'भारतीय राजदंड' अशा अर्थाचे नाव दिले. पुढे १८६६ मध्ये न्यू यॉर्कला सिम केहो याने भारतीय क्लबांच्या व्यायामावर स्वतंत्र ग्रंथच काढला. अमेरिकेतल्या शाळा आणि व्यायामशाळा यांतून हा प्रकार एवढा पसरला की, १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये आणि पुन्हा १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याच्या स्पर्धा झाल्या. १९३२ चे सुवर्णपदक जॉर्ज रॉथ या अमेरिकन खेळाडूने जिंकले. 'भारतीय क्लब' या नावाच्या त्या स्पर्धेत भारतीय मात्र कोणी नव्हता.

मुद्गलाच्या या प्रवासात त्याचे काय झाले हे लक्षात घेतले पाहिजे. त्याचे वजन उतरत गेले. आपल्याकडे जोडीची प्रतिष्ठा तिच्या जडपणात होती. जितकी जोडी जड तितका पहिलवान मोठा. तिकडे प्रश्न उलटा विचारला गेला. जोडी इतकी हलकी केली की ती लहान मूलही फिरवील, तर तिच्यातून काय निघेल? निघाली ती गती, वर्तुळे आणि आकृती. शक्तीचे साधन डौलाचे साधन झाले. आणि हातही बदलले. जी वस्तू मारुतीरायाच्या मूर्तीपुढे, लंगोट कसलेल्या पुरुषाच्या हाती होती, ती शाळकरी मुलींच्या आणि तरुण स्त्रियांच्या हाती गेली.

साधन इथून गेले. पण ते ज्या विचारात जाऊन बसले तो विचार तिकडचाच होता, आणि तो न्यायबुद्धीने समजून घेतला पाहिजे. पेर हेन्रिक लिंग नावाचा एक स्वीडिश गृहस्थ १७७६ मध्ये जन्मला. तलवारबाजीचा शिक्षक, काव्याचाही नादी. १८१३ मध्ये त्याने स्टॉकहोम येथे सरकारच्या साहाय्याने व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली. व्यायामाचे त्याने चार भाग केले: शिक्षणाचा, सैन्याचा, रोगनिवारणाचा आणि सौंदर्याचा. पहिल्या तिघांची त्याने आणि त्याच्या शिष्यांनी पुष्कळ वाढ केली. चौथा, म्हणजे मनातला भाव शरीराच्या हालचालीतून प्रकट करण्याचा भाग, बराच काळ मागेच पडला. स्वीडिश पद्धत म्हणजे सरळ रेषा, ताठ हात आणि शिक्षकाच्या आज्ञेबरोबर होणारी हालचाल, अशीच तिची ख्याती झाली.

चौथ्या भागाची पोकळी पुढच्या शतकात बऱ्याच अंशी स्त्रियांनी आणि संगीतज्ञांनी भरून काढली. फिनलंडमध्ये एली ब्यॉर्कस्टेन हिने स्त्रियांच्या व्यायामातला लष्करी ताठरपणा काढून त्यात ओघ आणला. जिनीव्हाचा संगीतशिक्षक एमिल जाक-दाल्क्रोझ याच्या ध्यानात आले की, ताल हा कानाने नव्हे, पावलांनी शिकावा लागतो. १९११ पासून जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे त्याची शाळा चालली. त्याच मार्गाने रुडॉल्फ बोडे आणि हिन्रिक मेडाऊ हे जर्मन शिक्षक पुढे गेले. चेंडू, कडे आणि क्लब हातात देऊन हालचाल अखंड कशी करता येते, हे मेडाऊने दाखवले. त्याची शाळा १९२९ पासून बर्लिनमध्ये होती. रशियात लेनिनग्राडच्या लेसगाफ्ट संस्थेत १९३४ मध्ये कलात्मक हालचालींचे उच्च विद्यालय निघाले आणि तेथे नृत्यनाट्याची शिस्त या व्यायामाला मिळाली.

आता या कथेत अमरावती येते. पहिले महायुद्ध ज्या वर्षी पेटले त्याच वर्षी, म्हणजे १९१४ मध्ये, अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीला हनुमान आखाडा सुरू केला. पुढे त्याचेच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. नावातला 'प्रसारक' हा शब्द मोलाचा आहे. आपल्यापुरते शरीर कमवून थांबायचे नाही, तर व्यायाम शिकवणारी माणसे तयार करायची, हा मंडळाचा संकल्प होता. आखाड्यातली विद्या तोवर वस्तादाच्या मर्जीने चाले. मंडळाने ती वर्गात आणली. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्राध्यापक माणिकराव सांघिक व्यायामाच्या आज्ञा देशी भाषेत बसवीत होते, आणि शेकडो मुले एका तालावर लेझीम आणि लाठी चालवू लागली होती. तिकडे दाल्क्रोझ आणि मेडाऊ, इकडे वैद्य बंधू आणि माणिकराव. एकमेकांपासून हजारो कोसांवर असूनही दोन्ही बाजूंची माणसे एकाच गोष्टीला हात घालीत होती. एकट्याचा व्यायाम समुदायाचा कसा करावा आणि त्याला ताल कसा द्यावा, ही ती गोष्ट.

१९३६ च्या उन्हाळ्यात या दोन बाजू एकाच शहरात आल्या. बर्लिनच्या ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाचे पथक जर्मनीत गेले आणि तेथे त्याने कबड्डीसह आपले देशी खेळ आणि व्यायाम दाखवले. हे अधिकृत सामने नव्हते, प्रात्यक्षिके होती. देश परतंत्र होता, आणि वऱ्हाडातल्या एका खाजगी आखाड्याने आपल्या विद्येचा नमुना जगापुढे ठेवला, याचे मोल कमी नाही. तथापि त्या वर्षीच्या बर्लिनची दुसरी बाजूही विसरता येत नाही. हिटलरच्या राजवटीने तो सोहळा आपल्या बळाचे प्रदर्शन म्हणून मांडला होता. हजारो देह एका इशाऱ्यावर हलतात तेव्हा ते दृश्य डोळ्यांना सुखावते, पण इशारा कोणाचा आहे हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. सांघिक तालाच्या सर्व पुरस्कर्त्यांनी, आपल्याकडच्यासुद्धा, हा धडा गाठीशी ठेवला पाहिजे.

लिंगच्या मृत्यूला १९३९ मध्ये शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने स्टॉकहोमला व्यायामाचा एक आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. त्याला लिंगियाड म्हणतात. दुसरे महायुद्ध उलटल्यावर, १९४९ मध्ये, दुसरे लिंगियाड तेथेच भरले. त्यात अमरावतीच्या मंडळाचे पथक सहभागी झाले. या वेळी ते स्वतंत्र भारताचे पथक होते. याच मेळाव्यात एर्न्स्ट इडला यांच्या मुलींनी लोकांची मने जिंकली. इडला हे मूळचे एस्टोनियाचे. युद्धाच्या धामधुमीत १९४४ मध्ये देश सोडून स्वीडनला आलेले. त्यांच्या मुली चेंडू आणि ताल यांवर ज्या मोकळेपणाने हालचाली करीत, त्यांत पुढच्या लयबद्ध जिम्नॅस्टिक्सची पावले स्पष्ट दिसत होती. अमरावतीचे पथक आणि इडलांच्या मुली एकाच मेळाव्याच्या मांडवाखाली होत्या, ही गोष्ट आपण वऱ्हाडातल्या लोकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या क्षणी दोघांची योग्यता सारखीच होती. दोघेही आपापली विद्या दाखवायला आलेले पाहुणे होते. कोणाला गुण नव्हते, कोणाला क्रमांक नव्हता.

त्यानंतर मात्र वाटा फुटल्या, आणि माझ्या मते या इतिहासाचे मर्म येथेच आहे.

लिंगियाडातून एक वाट निघाली ती स्पर्धेविना आनंदाची. हॉलंडच्या सोमर नावाच्या गृहस्थाच्या पुढाकाराने १९५३ मध्ये रॉटरडॅमला पहिला जिम्नेस्त्रादा भरला. हा मेळावा आजही चार-चार वर्षांनी भरतो. २०२३ चा अॅमस्टरडॅमला झाला. त्यात हजारो लोक येतात. मुले येतात, तरुण येतात, म्हातारी माणसेही येतात. आपापले प्रयोग करतात आणि घरी जातात. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही.

दुसरी वाट स्पर्धेची. १९५२ च्या हेलसिंकी आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये हातात साधन घेऊन करावयाचा एक सांघिक प्रकार होता. पहिल्या वेळी त्यात स्वीडन पहिले आले, दुसऱ्या वेळी हंगेरी. मग तो प्रकार वगळला गेला. परंतु पूर्व युरोपात ही कला स्वतंत्र खेळ म्हणून वाढत होती. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघटनेने तिला मान्यता दिली आणि १९६३ मध्ये बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली. दहा देशांच्या अवघ्या अठ्ठावीस मुली आल्या होत्या. सोव्हिएत संघाची लुदमिला साविन्कोव्हा पहिली आली. १९६७ मध्ये कोपनहेगनला सांघिक प्रकार आला. १९८४ मध्ये लॉस एंजलिसला हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. पूर्व युरोपातील बहुतेक बलाढ्य देशांनी बहिष्कार घातल्यामुळे कॅनडाच्या लोरी फुंग हिला सुवर्णपदक मिळाले. १९९६ मध्ये अटलांटाला सांघिक प्रकारही ऑलिंपिकमध्ये आला आणि ते पदक स्पेनने घेतले. २०२४ मध्ये पॅरिसला वैयक्तिक सुवर्णपदक जर्मनीच्या डार्या वार्फोलोमीव्ह हिने आणि सांघिक सुवर्णपदक चीनने जिंकले. अठ्ठावीस मुलींनी सुरू झालेला खेळ आशियातही असा रुजला.

एका मेळाव्यातली कला चौदा वर्षांत जागतिक स्पर्धा झाली ती कशामुळे? माझे उत्तर असे की, ती कला अनोळखी माणसालाही तोलता येईल अशा नियमांत लिहिली गेली म्हणून. जाजम किती मीटरचे, वेळ किती सेकंदांचा, कड्याचा व्यास किती, चेंडूचे वजन किती, जाजमाबाहेर पाऊल वा साधन गेले तर किती गुण वजा, वस्तू पडली तर किती वजा, हे सगळे कागदावर आले. मग बुडापेस्टच्या मुलीचा प्रयोग कोपनहेगनच्या परीक्षकाला मोजता येऊ लागला. जोवर एखादी कला फक्त वस्तादाच्या डोळ्याला कळते, तोवर ती त्या वस्तादाच्या गावापुरती राहते.

आपण लिहीतच नव्हतो असे मात्र कोणी समजू नये. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. एवढे कार्य करून दाखवणाऱ्या भाषेला लिहिण्याचा आळस होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्ञानकोश वेगळा आणि नियमावली वेगळी. पहिला सांगतो, हे कसे करतात. दुसरी सांगते, हे केले तर किती गुण.

आपल्याच घरातले उदाहरण घ्या. कबड्डी गावोगाव निराळ्या नावाने आणि निराळ्या कायद्याने चालत असे. हुतूतू म्हणा, चेडूगुडू म्हणा. विसाव्या शतकाच्या पहिल्या पावात महाराष्ट्रातल्या संस्थांनी तिचे नियम बसवायला घेतले आणि १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने ते छापले. १९३६ मध्ये अमरावतीकरांनी तिला बर्लिन दाखवले. १९५० मध्ये तिची अखिल भारतीय संघटना झाली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत ती पदकाचा खेळ म्हणून उभी राहिली. पुढे २०१८ मध्ये जकार्त्यास इराणने पुरुषांचे आणि स्त्रियांचेही सुवर्णपदक आपल्या हातून नेले. त्या पराभवाचे दुःख आपल्याला झाले. पण विचार केला तर कबड्डी खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय झाल्याचा तो सर्वांत भक्कम पुरावा होता. नियम लिहून जगाच्या हाती दिले की जग आपल्याला हरवूही शकते. ते मान्य असेल तरच नियम लिहावेत.

मल्लखांबही त्याच वाटेने निघाला आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे आयुष्य दिले, त्या मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईला शिवाजी पार्कवर झाली. जून २०२२ मध्ये पंचकुला येथे खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. त्यांत मल्लखांब होता आणि लयबद्ध जिम्नॅस्टिक्सही होते. त्याच स्पर्धांत ठाण्याच्या संयुक्ता काळे हिने लयबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये अनेक सुवर्णपदके मिळवली. एक मराठी मुलगी क्लब हातात घेऊन जाजमावर उतरते आणि आपण त्याला परदेशी खेळ म्हणतो! वस्तू दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच आखाड्यातून गेलेली आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे बरे नाही. मुद्गल आपल्या मुलींच्या हाती यायला त्याला युरोप-अमेरिकेची वारी का करावी लागली? आखाड्याच्या ओट्यापासून मुलीचे घर चार पावलांवर होते. तरी ती चार पावले कोणी चालू दिली नाहीत. आखाडा ब्रह्मचर्याचा, पौरुषाचा; स्त्रीने तिकडे फिरकू नये, हा दंडक. वस्ताद मंडळींचा यात व्यक्तिशः दोष काढण्यात अर्थ नाही, सगळ्या समाजाची समजूतच तशी होती. पण परिणाम काय झाला? ज्या हातांत ती जोडी डौलदार झाली असती, ते हात तिला मिळाले नाहीत. तिकडे ते मिळाले, म्हणून खेळ तिकडे जन्मला. आपल्याकडे साधन होते, ताल होता, शिस्त होती आणि अमरावतीसारखी संस्थाही होती. यांतले काहीच उणे नव्हते. उणा होता तो निम्मा समाज.

राहता राहिली लेझीम. माझ्या मते आपल्या सर्व व्यायामांत लयबद्ध जिम्नॅस्टिक्सला सर्वांत जवळची तीच. तिचे मूळ धनुर्धराच्या सरावाच्या धनुष्यात आहे. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले ते जड धनुष्य ओढून हात बळकट करीत. पुढे ती हलकी झाली, चकत्या वाजू लागल्या आणि बळाचे साधन तालाचे झाले. म्हणजे मुद्गलाला जे परदेशात जाऊन साधले, ते लेझिमीने घरबसल्या साधले. शिवाय तिच्यात एक गुण असा आहे की जो त्या जागतिक खेळातही नाही. तेथे संगीत बाहेरून येते आणि मुलगी त्यावर हलते. लेझिमीत हलगीचा ठेका असला, तरी नाद खेळणाऱ्याच्या हातातून निघतो. पाऊल चुकले तर आवाजच चुकतो. परीक्षकाने सांगण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि आखाड्याने मुलींना जे दिले नाही ते शाळेच्या पटांगणावर लेझिमीने दिले. मुले-मुली दोघांच्याही हाती ती आली.

मग लेझिमीचीही जागतिक स्पर्धा व्हावी काय? येथे मी घाईने होय म्हणणार नाही. गुणांच्या वाटेला किंमत पडते. २००० साली सारागोसा येथे झालेल्या युरोपीय स्पर्धेत परीक्षकांनी पक्षपात केल्याचे ठरून त्यांच्यावर बंदीची कारवाई झाली. २००१ मध्ये रशियाच्या दोन अग्रगण्य खेळाडूंच्या तपासणीत निषिद्ध औषध सापडले आणि त्यांची जागतिक स्पर्धेतली पदके काढून घेतली गेली. गुण वाढवायचे म्हणून कोवळ्या मुलींना शरीर अतोनात वाकवावे लागते, भूक मारावी लागते, अशा तक्रारी अनेक देशांतून आल्या. दीड मिनिटात अधिकाधिक अवघड करामती कोंबल्या की लय गुदमरते, ही टीका त्या खेळाचे चाहतेच वेळोवेळी करीत आले आहेत. ज्या सौंदर्यासाठी इडला आणि ब्यॉर्कस्टेन यांनी ताठर कवायत मोडली, ते सौंदर्य गुणांच्या हिशेबात हरवावे, हा दैवदुर्विलास होय.

म्हणून लिंगियाडातून निघालेल्या दोन्ही वाटा आपण डोळ्यांपुढे ठेवाव्यात. एक गुणांची, एक मेळाव्याची. कबड्डीला पहिली मानवली. लेझिमीला कदाचित दुसरी मानवेल. परंतु कोणतीही वाट धरायची तरी दोन कामे आधी करावी लागतील, आणि ती दिल्लीत किंवा स्टॉकहोमला नव्हे, अचलपूर-परतवाड्यातच करण्याजोगी आहेत. पहिले काम लिहिण्याचे. आपल्या भागातल्या जुन्या व्यायामशिक्षकांना आणि आखाड्यांतल्या जाणत्यांना जे हात ठाऊक आहेत, जी पावले आणि जे ठेके ठाऊक आहेत, ते त्यांच्याकडून करून घेऊन क्रमवार टिपून ठेवावेत. आज चित्रफीत घेणे सोपे झाले आहे. पण नुसत्या चित्रफितीने भागत नाही, कारण पाऊल कोणत्या मात्रेवर पडते हे शब्दांत मांडले तरच ते दुसऱ्या गावच्या मुलाला शिकता येते. दुसरे काम दार उघडण्याचे. ज्या आखाड्यात अजून मुद्गलाची जोडी कोपऱ्यात उभी आहे, तेथे आठवड्यातून काही वेळ मुलींसाठी राखावा आणि त्यांच्या हाताला पेलेल अशी हलकी जोडी सुताराकडून करून घ्यावी. त्यात परदेशाची नक्कल मुळीच नाही; आपल्या घरची वस्तू आपल्या घरच्या माणसाला देणे एवढेच त्यात आहे.

१९३६ आणि १९४९ मध्ये वऱ्हाडातली माणसे बोटीने जगापर्यंत गेली आणि आपली विद्या दाखवून आली. दाखवण्याचे काम त्यांनी चोख केले. लिहिण्याचे आणि वाटून देण्याचे काम पुढच्यांवर सोपवून ती गेली. त्यातला पुष्कळसा भाग अजून शिल्लक आहे, आणि तो करण्यास फार मोठे द्रव्य लागत नाही. एक वही, एक सुतार आणि उघडे दार एवढे पुरे.